नियम न येणारं टेबल

कॉकाट्रिसला मॅजिकचा एकही नियम येत नाही. ही तक्रार नाही हं. उलट गेले दोन महिने मी हे कौतुकाने सांगत सुटलोय आणि ऐकणारे माझ्याकडे विचित्र नजरेने बघतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफील्डने तयार केलेला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली बाजारात आणलेला पत्त्यांचा खेळ. आपल्या बावन्न पत्त्यांशी त्याचं काही नातं नाही. वेगवेगळे पत्ते २५ हजारांच्या वर, जवळजवळ प्रत्येकावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. त्यातून निदान ६० पत्त्यांची आपापली गड्डी जमवायची, २० लाइफ घेऊन बसायचं आणि समोरच्याचं लाइफ शून्यावर आणायचं. नियमपुस्तक दोनशे पानांच्या वर जातं. कॉकाट्रिस हा तो नेटवरून खेळण्यासाठीचा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेला, प्रोग्राम. फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, तरी मी पहिल्याच पायरीवर पडलो. शेवटी 'ओरॅकल' नावाची एक खिडकी उघडते. अशा खिडक्या न वाचता बंद करायची जुनी खोड, ती केली. मग गड्डी बनवायला बसलो तर यादी रिकामी. एकही पत्ता नाही! प्रोग्राम मोडका आहे असं ठरवून मी त्याला अर्धा तास शिव्या घातल्या. खरी गोष्ट अशी की कॉकाट्रिससोबत पत्ते येतच नाहीत. पत्ते कंपनीच्या मालकीचे, टेबल तेवढं सगळ्यांचं. पत्त्यांची माहिती वेगळी उतरवून घ्यायची असते आणि ते काम ओरॅकलचं. ती खिडकी पुन्हा चालवली आणि यादी भरली. चित्रं तर त्याहून निवांत, एकेक करून येतात. तोवर कोऱ्या चौकोनावर नुसता मजकूर दिसतो. मला तसंच आवडलं, वाचणं तरी होतं.

खरी गंमत सर्व्हरची. चालू सार्वजनिक सर्व्हर आहेत, तिथे जाऊन अनोळखी लोकांशी खेळता येतं. पण मला स्वतःचा हवा होता. सर्व्हॅट्रिस नावाचा सर्व्हर त्याच कोडमध्ये मिळतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. डेटाबेस न जोडता, पासवर्ड न ठेवता सुरू केला, घरातल्या घरात दुसऱ्या मशीनवरून जोडून पाहिला, एकदम झकास. मग राउटरवर ४७४७ हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, लॅपटॉपकडे वळवला आणि मैत्रिणीला आयपी पत्ता पाठवला. तिला जोडताच येईना. तीन रात्री फायरवॉल चालू-बंद, राउटर चालू-बंद, लॅपटॉप चालू-बंद.

चौथ्या रात्री राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता नीट वाचला. सुरुवात १००.७२ ने. मी मैत्रिणीला पाठवलेला पत्ता, जो एका वेबसाइटने मला 'तुमचा' म्हणून दाखवला होता, तो भलताच. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे माझ्या घराला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ताच नाही. माझ्यासारख्या अनेकांना मिळून बाहेर एकच पत्ता, चाळीच्या दारावर एकच टपालपेटी असावी तसा. त्या पेटीत पडलेलं पाकीट माझ्या खोलीत आणून द्यायला कोणी नाही. मी राउटरवर पोर्ट कितीही वळवले तरी ते आतल्या दाराचे, बाहेरचं दार कंपनीचं. पत्ते खेळायला बसलो आणि माझाच पत्ता कट. शेवटी टेलस्केल नावाचा प्रोग्राम टाकून आम्ही तिघांनी आपापसात खासगी जाळं केलं. गंमत बघा, तेही १०० पासून सुरू होणारेच पत्ते देतं, पण ते निदान सापडतात.

आता मूळ मुद्दा. फोर्ज आणि एक्समेज हेही याच खेळासाठीचे ओपन सोर्स प्रोग्राम, पण त्यांना नियम येतात. चुकीची चाल ते करूच देत नाहीत. नवशिक्याने तिथेच सुरुवात करावी, मीही केली होती. पण तिथे प्रत्येक टप्प्याला 'काही करायचंय का? नाही? नक्की?' असं चालू असतं, आणि थोड्या वेळाने मी खेळतोय की फॉर्म भरतोय हेच कळेनासं होतं. कॉकाट्रिस नुसतं टेबल देतं. पत्ता आपण ओढायचा, आपण आडवा करायचा, लाइफच्या आकड्यावर क्लिक करून तो आपणच घटवायचा. पाच पत्ते जास्त ओढलेत? कोणी अडवणार नाही. मात्र बाजूच्या नोंदीत ते लगेच उमटतं. गड्डीचे वरचे तीन पत्ते कोणी पाहिले तरी ती ओळ सगळ्यांना दिसते. चोरी करता येते, लपवता येत नाही.

पिसणं तेवढं आपल्या हातात नाही. ते सर्व्हर करतो आणि ते बरंच आहे. आमच्यातला एकजण खरे पत्ते असे पिसतो की खालचा पत्ता खालीच राहतो. याउपर तो सर्व्हरवर 'लागोपाठ तीन जमिनीचे पत्ते कसे येतात' म्हणून संशय घेतो. कोड उघडा आहे बाबा, वाच. वाचत नाही.

नियम येत नाहीत म्हणून भांडणं होतात, हा माझ्याविरुद्धचा नेहमीचा मुद्दा. होतात ना. गेल्या खेपेला माझं लाइफ ४ उरलं होतं. मैत्रिणीने ६/६ चा, म्हणजे सहाचा मार देणारा आणि सहाचा सोसणारा, प्राणी अंगावर सोडला, त्याच्यावर ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेला मार खेळाडूला) आणि डेथटच दोन्ही. मी ५/५ चा आडवा घातला. सहातून पाच गेले, मला एक लागणार, हिशोब सोपा. मी ४ चे ३ केले. ती म्हणाली, "थांब." डेथटच असेल तर माझ्या प्राण्याला मारायला एकच पुरतो, उरलेले पाच मला. मी म्हटलं, "काहीतरीच! माझा पाचाचा आहे." मग वीस मिनिटं नियमपुस्तक, दोघांचे आवाज वर, तिसरा मध्येच "मी चहा करून येतो" म्हणून गायब. शेवटी वाक्य सापडलं, आणि ते तिच्याच बाजूने होतं. फोर्जने मला सेकंदात मारलं असतं आणि मी 'बग आहे' म्हणून मोकळा झालो असतो. आता ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

मग क्लिक करत बसलो. दोन, एक, शून्य. आकडा तिथेही थांबला नाही, हिशोबाचा म्हणून आणखी एक क्लिक केला तर उणे एक. टेबलाला त्याचं काहीच नाही, माझी पाळी असती तर पुढचा पत्ताही ओढू दिला असता. हरल्याचं बटन मलाच शोधून दाबावं लागलं.