विमानाचा ‘नाद’ ऐकला म्हणून स्टेल्थ संपत नाही

‘प्रत्येक विमानाला घंटेसारखा स्वतःचा नाद असतो. रडारने तो ऐकला की कुठल्याही दिशेने विमान ओळखता येतं, स्टेल्थ संपलं!’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय (स्टेल्थ म्हणजे रडारला सहज दिसू नये अशी विमानाची रचना). त्यामागचं शास्त्र खरं आणि सुंदर आहे. म्हणूनच त्याची अशी ओढाताण बघवत नाही.

‘कुठल्याही दिशेने’ हे अर्धं खरं. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतल्या कार्ल बॉम यांनी १९७१ साली मांडलेल्या पद्धतीनुसार नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे रडारची लहर आदळल्यावर वस्तूतले विद्युतप्रवाह ज्या ठरावीक गतींनी हेलकावतात त्या (हाच तो ‘नाद’), वस्तूच्या घडणीवर ठरतात, लहर कुठून आली यावर नाही. पण त्यातली कुठली किती जोरात उमटेल, हे दिशेवर आणि ध्रुवीकरणावरच (लहरीतलं विद्युतक्षेत्र कुठल्या दिशेत हेलकावतं त्यावर) ठरतं. बारीक तारेवर काटकोनात ध्रुवित लहर पडली, तर तिच्या लांबीचा अनुनाद (नैसर्गिक वारंवारितेवरचं हेलकावणं) उठतच नाही.

‘घंटेसारखा’ हा शब्द सगळ्यात घातक. घंटा घुमत राहते, कारण तिची ऊर्जा सावकाश निसटते. विमानाचा धातूचा देह मात्र अँटेनासारखा ती लगेच बाहेर फेकतो. धातूच्या गोलाचा सर्वात खालचा अनुनाद घ्या: एका आवर्तनात त्याचा आयाम (हेलकाव्याचा जोर) ३ टक्क्यांच्याही खाली येतो. लांबट वस्तूंचा थोडा अधिक टिकतो, इतकंच. ओळख पटवायची ती पहिलं मोठं परावर्तन सरल्यावर उरणाऱ्या या क्षीण शेपटीतून. त्यात अंतर दुप्पट झालं की परतणारी शक्ती १६ पटींनी घटते. अशा संकेतातून वारंवारिता काढणारी, १७९५ची, फ्रेंच अभियंता प्रोनी यांची गणिती रीत थोड्याशा गोंगाटानेही खोटी उत्तरं देऊ लागते.

‘रडारने ऐकला’, पण कुठल्या रडारने? १५ मीटर लांबीच्या विमानाचा पहिला अनुनाद ढोबळमानाने १० मेगाहर्ट्झला येतो, म्हणजे तरंगलांबी ३० मीटर. तिथे एका अंशाचा झोत हवा असेल तर अँटेना सुमारे २ किलोमीटरचा लागेल. लढाऊ विमानांच्या नाकातली रडारं मात्र ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या आसपास काम करतात.

राहिलं स्टेल्थ. लांब लहरींपुढे स्टेल्थ विमानाचे कोनदार आकार आणि रडारलहरी शोषणारे पातळ लेप बरेच दुबळे पडतात, हे मान्य. पण दिसणं वेगळं, ओळख पटणं वेगळं. पंखांखाली क्षेपणास्त्रं टांगली तरी वारंवारिता सरकतात.

हे तंत्र जवळच्या अंतरावर, जमिनीत पुरलेली स्फोटकं शोधण्यासाठी अभ्यासलं जातं. तिथेही मातीचा हिशेब धरावा लागतो: सापेक्ष विद्युतपारकता (विद्युतक्षेत्राला माध्यम किती प्रतिसाद देतं याचं माप) ४ असलेल्या कोरड्या मातीत धातूच्या वस्तूची वारंवारिता हवेतल्यापेक्षा जवळपास निम्मी होते.