न वापरलेला कोड कंपायलरने तपासावा का? : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : जे फंक्शन कुठूनच बोलावलं जात नाही ते बायनरीत (कंपायलर कोडपासून बनवतो त्या चालवायच्या फाइलमध्ये) जाणारच नाही, मग त्याचे टाइप (कुठलं मूल्य कुठल्या प्रकारचं, ते) तपासण्यात वेळ का घालवायचा? झिग ही भाषा घालवत नाही आणि तेच बरोबर, असं तुम्ही म्हणता.

आधी वेळेचं बघू. रस्ट या भाषेच्या एखाद्या मोठ्या प्रोजेक्टवर 'कार्गो चेक' (बायनरी न बनवता फक्त तपासणारी आज्ञा) आणि रिलीज बिल्ड, दोन्ही मोजून पाहा. टाइप तपासणी दोन्हींत होते. बिल्डला लागणारा जादा वेळ मुख्यतः मशीन कोड, ऑप्टिमायझेशन आणि लिंकिंगचा. हा पुढचा खर्च मेलेल्या फंक्शनवर करू नये, हे मलाही मान्य.

पण कंपायलरला कळतं ते इतकंच की फंक्शन *या* बिल्डमध्ये लागलं नाही. लिनक्सवर न लागलेलं विंडोजवर लागतं. लायब्ररी असेल तर ते बोलावणारा तुमच्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) नसतोच. चूक पहिल्यांदा त्याला दिसते.

झिगमध्ये न बोलावलेल्या फंक्शनात 'अपेंड'चं स्पेलिंग चुकवा किंवा यू8मध्ये (0 ते 255च मावणाऱ्या टाइपमध्ये) 300 भरा : बिल्ड बिनबोभाट पार. त्याच फंक्शनात एखादं लोकल व्हेरिएबल वापरायचं राहू द्या, लगेच एरर! कारण ती तपासणी टाइपच्या आधीच्या टप्प्यावर, अख्ख्या फाइलवर होते. टेस्ट ब्लॉकमध्ये 'रेफ-ऑल-डेक्ल्स' (सगळी डिक्लरेशन्स वापरल्यासारखी धरायला लावणारं फंक्शन) टाकलं की बरंच पकडलं जातं, पण फक्त पब्लिक डिक्लरेशन्स. जेनेरिक (टाइप बोलावताना ठरणाऱ्या) फंक्शनचा आतला भाग तरीही सुटतो, आणि फक्त दुसऱ्या ओएसवर चालणारी फांदीही.

सी भाषेत '#इफडेफ'ने (पर्याय चालू असला तरच मजकूर ठेवणाऱ्या सूचनेने) वगळलेल्या मजकुराचे जेमतेम टोकन, म्हणजे सुटे शब्द-चिन्हं, पाडले जातात. म्हणूनच लिनक्स कर्नलची कोडिंग स्टाइल सांगते की शक्य तिथे साध्या 'इफ'मध्ये 'इज-एनेबल्ड' मॅक्रो (पर्याय चालू आहे का ते सांगणारा) वापरा. पर्याय बंद असला तर अट 0 होते, कंपायलर ब्लॉक काढून टाकतो, पण त्याआधी सिंटॅक्स, टाइप, नावं सगळं तपासतो. बायनरीत एक बाइट वाढत नाही. रस्टमध्ये हाच फरक 'सीएफजी' अ‍ॅट्रिब्यूट आणि 'सीएफजी!' मॅक्रोत आहे : पहिल्यात कोड पार्स होऊन (फक्त व्याकरण तपासून) गळतो, दुसऱ्यात दोन्ही फांद्या तपासल्या जातात.

सी प्लस प्लस टेम्प्लेटचं वेगळं आहे : तिथे टाइपच्या जागी 'टी' लिहितात, खरा टाइप वापरताना भरला जातो. टी काय आहे हेच माहीत नसताना त्यावर बोलावलेलं 'साइझ' तपासणार कशाच्या आधारावर? तिथे कंपायलरला दोष नाही. टाइपवर अवलंबून नसलेली नावं मात्र व्याख्येपाशीच तपासायला हवीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ते वर्षानुवर्षं टाळलं आणि व्हिज्युअल स्टुडिओ 2017मध्ये 'परमिसिव्ह-' या स्विचखाली आणलं.

तुमचा एक मुद्दा मात्र पक्का. मोठ्या रिफॅक्टरिंगच्या (कोडच्या फेरमांडणीच्या) मधोमध, अर्धा कोड मोडलेला असताना एकच टेस्ट चालवायची असते, तेव्हा आळशी (लागेल तेवढंच बघणाऱ्या) तपासणीसारखं सुख नाही. ते सुख फ्लॅग देऊन मागून घ्यावं, डिफॉल्ट नसावं.

आणि स्ट्रक्टचा (एकत्र बांधलेल्या डेटाचा) मेंबरच कॉन्फिगनुसार गायब होत असेल, तर 'इज-एनेबल्ड' चालत नाही, '#इफडेफ'च लागतो. अशा फाइलसाठी सीआयमध्ये (बदल आला की आपोआप बिल्ड करणाऱ्या व्यवस्थेत) मर्जआधी तो पर्याय चालू आणि बंद, असे दोन्ही बिल्ड लावा.