मालकाचे उत्तर: 'गरज नसताना कॅच कॅन गळ्यात मारला'

नमस्कार सर,

तुम्हाला मनस्ताप झाला, दिलगीर आहोत. काउंटरवरचा मुलगा उद्धट बोलला असेल तर त्याच्या वतीने माफी. पण 'गरज नसताना कॅच कॅन गळ्यात मारला आणि २,५०० रुपये उकळले' हे वाक्य मला गिळता येत नाही. लोक रिव्ह्यू वाचूनच आमच्याकडे यायचं की नाही ते ठरवतात.

कॅच कॅन म्हणजे इंजिनमधून येणाऱ्या वाफेतलं तेल अडवणारा डबा. तो आम्ही विकलाच नाही. बॉक्स तुम्ही ऑनलाइन मागवून घेऊन आलात. मी तेव्हाच म्हटलं होतं, रोज कोथरूड ते डेक्कन करणाऱ्या स्टॉक (काहीही बदल न केलेल्या) पोलो जीटी टीएसआयला हा नको, कंपनीचा ऑइल सेपरेटर आहेच. तुम्ही मला व्हिडिओ दाखवलात. त्यातलं खोटं नाही हो! डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारे) पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि पीसीव्हीतून, म्हणजे इंजिनमधली वाफ परत इनटेकला नेणाऱ्या वाटेने, येणारं तेल तिथे बसून कार्बन धरतं. रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) टर्बोचा बूस्ट वाढवला, ट्रॅकवर गाडी पिळली, की ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा गॅस, वाढतो. तिथे चांगला कॅन कामाचा. रेसिंगमध्ये ब्रीदर (इंजिनची वाफ सोडणारी नळी) उघडा असेल तर एफआयएच्या, म्हणजे जागतिक मोटर रेसिंग संस्थेच्या, नियमाने २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरचा डबा लावावाच लागतो. तुमच्या गाडीला ना रिमॅप, ना ट्रॅक. शिवाय कॅन लावूनही कार्बन पूर्ण थांबत नाही, हेही सांगितलं होतं.

आता पैसे. तुमच्या कॅनमध्ये बॅफलच (तेल अडवणारा आतला पडदा) नव्हता, नुसता पोकळ डबा. आत स्टीलची जाळी भरली. सोबतचे पाइप तेलाने फुगणारे, म्हणून चांगले होज आणि क्लॅम्प टाकले. ब्रॅकेट वेल्डरकडून करून घेतलं. लेबर धरून २,५००. डब्यावर फिल्टर लावून वाफ बाहेर सोडा, रेसिंग लूक येतो, हा तुमचा हट्ट मात्र मानला नाही. केबिनमध्ये वास येतो आणि प्रदूषणाच्या नियमातही ते बसत नाही. लाइन परत इनटेकलाच जोडली.

'डब्यात दुधासारखं पाणी निघालं, इंजिन बिघडवलं' असंही लिहिलंय. थंडीतली सकाळ आणि एवढीशी धाव, इंजिन नीट तापतच नाही. ब्लो-बायमधली पाण्याची वाफ गार डब्यात जमते आणि तेलात मिसळून पांढरी होते. तरी कूलंट गळून तेलात जात नाही ना, म्हणून तुमच्यासमोर कूलंटला प्रेशर लावून पाहिलं, ते टिकलं. डिपस्टिकवरचं तेलही स्वच्छ होतं. थंडीत डबा लवकर लवकर रिकामा करा, हे बिलावर पेनाने लिहून दिलंय. बिल बघा एकदा.

बाकी रेटचा बोर्ड लावतोय, मुलांशीही बोललोय, सुधारणा होईल. कॅन काढायचा असेल तर गाडी आणा, मूळ पाइप तुमच्याच डिकीत पिशवीत ठेवलाय. लेबर घेणार नाही. स्टार वाढवू नका, पण 'उकळले' तेवढं काढा, ही विनंती.