सॅनिबल बघायला जाल तर गावही बघा

फ्लोरिडाला जाणारे आपले बहुतेक लोक ऑरलँडो आणि मायामी करून परत येतात. येऊ देत. पण कोणी पश्चिम किनाऱ्यावर फोर्ट मायर्सच्या बाजूला उतरणार असेल, तर एक दिवस सॅनिबल बेटाला द्या, असं मी हल्ली विचारणाऱ्यालाही सांगते आणि न विचारणाऱ्यालाही. आणि तिथे नुसतं पक्ष्यांचं अभयारण्य बघून मागे फिरू नका. अर्धा दिवस गावात घालवा. ते अभयारण्य टिकलंय ते गावाच्या हट्टामुळे, असं माझं तिथून आल्यापासून पक्कं मत झालंय. हट्ट म्हणजे काय, ते गावात फिरल्याशिवाय कळत नाही.

बेटावर जायचा रस्ता समुद्रातून जातो. मधे छोट्या कृत्रिम बेटांवर टेकत टेकत जाणारा पूल आहे, पहिल्यांदा १९६३ साली झालेला. त्याआधी फेरीबोट हाच मार्ग होता. पूल होऊ नये म्हणून तेव्हा बरेच बेटकर अडून बसले होते. त्यांची भीती साधी होती: पूल आला की मागोमाग बिल्डर येणार. ते आलेच. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मैलोन्‌मैल उभ्या असलेल्या उंच इमारती बघितल्या की त्या लोकांना वेडं म्हणवत नाही.

पुलावरून उतरून डावीकडे गेलं की बेटाच्या पूर्व टोकाला दीपगृह. १८८४ सालचं, लोखंडी सांगाड्याचं, दिसायला अगदीच साधं. २०२२ च्या सप्टेंबरात इयान चक्रीवादळ आलं तेव्हा त्याचा एक पाय तुटून गेला आणि शेजारची दीपगृह-रक्षकांची जुनी घरं वाहून गेली. दीपगृह मात्र उरलेल्या पायांवर उभं राहिलं, आणि २०२३ च्या फेब्रुवारीअखेर त्याचा दिवा पुन्हा लागला. त्याच वादळात पूल ठिकठिकाणी तुटला होता आणि जवळजवळ तीन आठवडे बेटाचा रस्ता बंद होता. आजही फिरताना काही रिकामे चौथरे दिसतात. तिथे फोटो काढत बसू नये असं मला वाटलं, तुमचं तुम्ही ठरवा.

आता अभयारण्याबद्दल. त्याला जे. एन. डार्लिंग यांचं नाव आहे, सगळे त्यांना ‘डिंग’ डार्लिंग म्हणतात. हा माणूस वनाधिकारी नव्हता, व्यंगचित्रकार होता! वर्तमानपत्रात राजकीय व्यंगचित्रं काढायचा, दोनदा पुलित्झर मिळालेलं, १९२४ आणि १९४३ मध्ये. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर त्याने भरपूर टीका केलेली, तरी १९३४ मध्ये त्याच रूझवेल्टनी त्याला वन्यजीवांचं सरकारी खातं चालवायला बोलावलं. (टीका करणाऱ्याला कामाला लावायचं ही पद्धत मला फार आवडली.) पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी टपाल तिकिटासारखं एक तिकीट विकत घ्यायचं आणि त्या पैशातून पाणथळ जागा वाचवायच्या, ही योजना त्याच वर्षी सुरू झाली. त्या पहिल्या तिकिटावरचं बदकांचं चित्रही डार्लिंगनेच काढलेलं. ते तिकीट आजही निघतं.

हिवाळ्यात तो शेजारच्या कॅप्टिव्हा बेटावर येऊन राहायचा. सॅनिबलची खारफुटीची जमीन विकली जाण्याच्या बेतात आहे हे कळल्यावर त्याने आणि स्थानिकांनी खटपट केली आणि १९४५ मध्ये ट्रूमन राष्ट्राध्यक्ष असताना ती राष्ट्रीय आश्रयस्थान म्हणून जाहीर झाली. डार्लिंग १९६२ मध्ये गेला, पूल व्हायच्या आदल्या वर्षी. त्याचं नाव अभयारण्याला मिळालं १९६७ मध्ये.

आत चार मैलांचा एकेरी रस्ता आहे, गाडीने, सायकलने किंवा पायी. डाव्या-उजव्या हाताला लाल खारफुटीच्या मुळांची कमानीवर कमान आणि मधेमधे उघडी उथळ पाण्याची खाजणं. गंमत म्हणजे हा रस्ता पक्षी बघण्यासाठी झालेलाच नाही. तो डासांसाठी घातलेला बांध आहे. १९५० मध्ये सॅनिबलवर एका सापळ्यात एका रात्रीत साडेतीन लाखांहून जास्त डास सापडले होते. मी आकडा दोनदा वाचला! खाऱ्या दलदलीतले डास ओल्या चिखलात अंडी घालतात, म्हणून बांध घालून पाणी कायम भरलेलं ठेवायचं, म्हणजे त्यांना जागाच मिळत नाही, हा त्यामागचा विचार. पुढे लक्षात आलं की भरती-ओहोटी अडवली तर खारफुटी आणि मासेही गुदमरतात. म्हणून बांधातून पाण्याला वाट करून दिली. आपण ज्याला अस्पर्श निसर्ग समजून दुर्बिणी लावतो, तो किती हातांनी घडवलेला, बिघडवलेला आणि परत दुरुस्त केलेला असतो, हे त्या रस्त्याएवढं स्पष्ट मी कुठे बघितलेलं नाही.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, ओहोटीच्या वेळी. ओहोटीलाच जा. चिखल उघडा पडतो आणि सगळे पक्षी जेवायला उतरतात. गुलाबी चमचे (स्पूनबिल पक्षी) चोच पाण्यात डाव्या-उजव्या बाजूला फिरवत चाललेले, पांढरे पेलिकन घोळक्याने, आणि एक तांबूस बगळा. याचं शिकार करणं म्हणजे दारू प्यायलेल्या माणसाचं नाचणं. धावतो, गिरकी घेतो, एकदम पंख उघडून पाण्यावर सावली धरतो आणि खाली चोच मारतो. वाटेत एक आजोबा स्वयंसेवक दुर्बीण लावून बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवत होते. नवऱ्याने विचारलं, “अ‍ॅलिगेटर कुठे दिसतील?” तर म्हणाले, “इथे खारं पाणी आहे, ते गावात बघा, गोड्या पाण्यात.”

आणि खरंच गावात असतात. बेटाच्या मधोमध वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये गोड्या पाण्याचा लांबट ओहोळ आहे, त्याला सॅनिबल नदी म्हणतात. खाऱ्या पाण्यातल्या अमेरिकन क्रोकोडाइलची गोष्ट वेगळी. त्यांची एकच मादी इथे तीसेक वर्षं एकटी राहिली. अंडी घालायची, पण जोडीदार नसल्याने ती कधी फळली नाहीत. २०१० च्या जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत ती गेली. तिचा सांगाडा माहिती केंद्रात ठेवलाय. मुलं असतील तर तो आधी दाखवा.

मग गावात या. सॅनिबलमध्ये एकही वाहतुकीचा दिवा नाही. गर्दीच्या हंगामात चौकात पोलीस हातवारे करून गाड्या सोडतात. पाट्या छोट्या, लाकडी, जमिनीलगत. इमारत झाडांच्या वर डोकं काढत नाही. नव्या साखळी उपाहारगृहांना परवानगी नाही. सुमारे पंचवीस मैलांची सायकलवाट आहे, आणि ती शोभेची नाही, लोक खरोखर वाण्याकडे सायकलने जातात. कासवांच्या विणीच्या हंगामात रात्री किनाऱ्याकडे तोंड करून दिवे लावता येत नाहीत, कारण पिल्लं उजेडाकडे चालत सुटतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोचतात.

हे आपोआप झालेलं नाही. पुलानंतर काउंटीने (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाने) जी बांधकामाची मुभा ठेवली होती, तीत या बेटावर सुमारे ३०,००० घरं बसली असती. तेव्हा १९७४ मध्ये बेटकरांनी मतदान करून स्वतःचं शहर स्थापन केलं, म्हणजे बांधकामाचे अधिकार आपल्या हातात आले. पहिले महापौर होते पोर्टर गॉस, सीआयएतून बाहेर पडून इथे येऊन राहिलेले. तेच पुढे २००४ मध्ये सीआयएचे प्रमुख झाले. १९७६ मध्ये आराखडा मंजूर झाला. तो करायला नियोजनकार इयान मॅकहार्ग यांच्या संस्थेला बोलावलं होतं. त्यांनी आधी बेटाचे निसर्गतः पडणारे पट्टे पाडले: समुद्राकडची वाळू, उंचवटे, गोडी पाणथळ, खारफुटी. मग कुठल्या पट्ट्यात किती माणसं झेपतील ते ठरवलं. घरांचा आकडा आठ हजारांच्या आत आला. आज बेटाची जवळजवळ दोन-तृतीयांश जमीन राखीव आहे. त्यातली सगळी सरकारने घेतलेली नाही, बरीच एका स्थानिक संस्थेने वर्गण्या काढून विकत घेतली.

यात लोकांनी सोडलेला पैसा विचारात घ्या. स्वतःच्या प्लॉटवर दहा मजले बांधता आले असते, त्यांनीच स्वतःला बांधू दिले नाहीत. ‘निसर्ग वाचवा’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीबद्दल बोलत असतात.

आता दुसरी बाजू, ती न सांगता गोडवे गाणं मला जमणार नाही. घरं मोजकी ठेवली की ती महाग होतात. सॅनिबलवर राहणारे साडेसहा हजारांच्या आत, बहुतेक वयस्कर, बहुतेक सधन. त्यांच्या खोल्या झाडणारे, स्वयंपाकघरात राबणारे, छपरं दुरुस्त करणारे लोक रोज सकाळी पुलावरून येतात आणि संध्याकाळी त्याच पुलावरून, त्याच वाहनकोंडीत अडकून परत जातात. कमी भाड्याची काही घरं ठेवण्याचा कार्यक्रम शहराने राबवलाय, पण तो पुरा पडत नाही हे संध्याकाळची रांगच सांगते. तरीही उंच इमारती झाल्या असत्या तर याच लोकांना तिथे घर मिळालं असतं, असंही मला वाटत नाही. समुद्र दिसणारे मजले त्यांच्यासाठी कुठेच बांधत नाहीत.

कॅप्टिव्हाला संध्याकाळी गेलो. छोटा पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो आणि गाव सुरू होताहोताच संपतं. सुंदर आहे, पण ते सॅनिबल शहरात मोडत नाही, काउंटीच्या अखत्यारीत येतं. त्यामुळे तिथे उंची किती आणि खोल्या किती यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत. मला तिथल्यापेक्षा सॅनिबलमध्येच जास्त करमलं.

आणि नियम कितीही कडक केले तरी पाण्याला सीमा नसते. २०१८ मध्ये समुद्रात विषारी शेवाळाची लाल लाट इतकी टिकली की मेलेले मासे किनाऱ्यावर थराने आले, कासवं आली, जुलैत तर सव्वीस फुटी देवमुशी (व्हेल शार्क) मरून सॅनिबलच्या वाळूवर आली. समोरच्या नदीत ओकीचोबी तलावाचं खतमिश्रित पाणी सोडलं जातं, त्यावरून वाद आहेच. सॅनिबलने आपल्या हद्दीतल्या हिरवळींना खत घालण्यावर बंधनं आणली आहेत. वरच्या अंगाला शंभर मैलांवरच्या शेतांचं काय करणार?

जाणार असाल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी अभयारण्याचा रस्ता बंद असतो. ओहोटीची वेळ आधी बघा. शिंपले वेचायचे असतील तर बोमन्स बीचवर जा. इथले इतर बरेच वाळूचे पट्टे किनाऱ्याला समांतर असतात, सॅनिबल मात्र आडवं पसरलंय, म्हणून लाटा सगळं त्याच्या ओंजळीत आणून टाकतात. पण उचलण्याआधी शंख उलटा करून आत बघा. आत जीव असेल तर तो तिथेच ठेवायचा, जिवंत शंख उचलायला बंदी आहे आणि दंड होतो. आणि गाडी एका जागी लावून सायकली भाड्याने घ्या, गाव गाडीतून दिसत नाही.