बॅटरी गेलीय म्हणे!

गॅरेजवाल्यांकडे तो व्होल्ट मोजायचा पिवळा मीटर असतो ना, तो दसऱ्याला हळदकुंकू वाहायलाच ठेवलेला असतो काय?

दीड महिना झाला. रोज सकाळी शाळेच्या वेळेला माझ्या गाडीची नाटकं. किल्ली फिरवली की घ्यांऽऽ... घ्यांऽ... घ्यां... आणि गप्प. म्हातारं माणूस गुडघ्यावर हात टेकून उठायला बघतं आणि परत मटकन बसतं, अगदी तसं. कधी तिसऱ्या दमात उठायची, कधी सातव्या. एकदा कावळा नाक्यावर सिग्नलला बंद पडली. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागं एसटी, आणि सगळ्यांचे हॉर्न माझ्या नावानं. खरं सांगायचं तर धक्का मारायला कोल्हापुरात माणसं कमी पडत नाहीत. न बोलावता पाचजण आले. पण धक्का मारता मारता पाचांनी पाच निदानं केली, त्यातला एक म्हणाला, "वहिनी, चोक ओढा की!" अहो, इंजेक्शनची गाडी आहे, चोक काय तुमच्या घरून आणू?

पण ही रस्त्यावरची माणसं परवडली. फुकटात चुकीचं सांगत होती. पैसे घेऊन चुकीचं सांगणारे पुढं भेटले.

आधी भावोजी धावत आले, त्यांच्या गाडीच्या बॅटरीवर माझी उठवायला जंपर केबल घेऊन. लाल चिमटा माझ्या बॅटरीच्या लालला लावला, काळा लांब नेऊन इंजिनच्या उघड्या धातूला. गाडीच्या पुस्तकात तसंच सांगितलेलं असतं, बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून. गाडी एका झटक्यात उठली. झालं, निकाल लागला: बॅटरी गेली. बॅटरीच्या दुकानदारानं तर बॉनेट नीट उघडायच्या आधीच मान हलवली. "तीन वर्षं झाली न्हवं? मग गेलीच." ५,४०० रुपये. जुनी त्यालाच दिली, तिचे ७०० वजा जाऊन एवढे.

पंधरा दिवस बरे गेले. मग थंडी वाढली आणि परत घ्यांऽऽ.

आता गॅरेज. तिथला पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" साहेबांना पाना आणि चमचा यातला फरक कळत नाही, गाडी मी चालवते, अठरा वर्षं. दुसरा प्रश्न, "मॅडम, क्लच पूर्ण दाबताय न्हवं?" क्लच अर्धा दाबला म्हणून सेल्फ, म्हणजे इंजिनाला फिरवून उठवणारी मोटर, दमा लागल्यासारखी फिरते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला दाखवा. मग, "गाडी ठेवून जावा, बघूया." सेल्फ खोलला. कार्बन ब्रश, बुश, मजुरी, २,८०० रुपये. चार दिवसांत परत तेच. पुन्हा गेले, तर प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, ३,२०० रुपये. अरे, इंजिन जोरात फिरतंय आणि पेट घेत नाही, तेव्हा प्लग बघायचा, पेट्रोल बघायचं. इथं इंजिन फिरतच नाहीये धड! हे मला, शाळामास्तरणीला, तेव्हा सुचायला पाहिजे होतं. त्याला तर पोटापाण्याचा धंदा म्हणून सुचायला पाहिजे होतं. शेवटी म्हणाला, "आता फ्युएल पंपच बदलून टाकू." टाकू! जसं काय पिशवीत कोथिंबीर टाकायची आहे.

मी विचारलं, अर्थिंग, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या मायनसला करंट परत नेणारी पट्टी, बघितलं का? बघितलं म्हणाला. माझ्यासमोर टेस्ट लॅम्प लावून दाखवला. बल्ब लख्ख पेटला. "हे बघा, ओके हाय." मी पण मान डोलावली. तिथंच माझं चुकलं, आणि त्याचाच राग सगळ्यात जास्त येतोय.

कारण मी नववीला विज्ञान शिकवते. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते.

शेवटी गाडी उठवली ती शेजारच्या आबांनी. आबांची हयात उद्यमनगरात गेली, पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात. परवा रविवारी माझं घ्यां घ्यां ऐकून लुंगीवरच बाहेर आले, हातात मीटर. "पोरी, सेल्फ मारताना आतला दिवा मंद हुतोय का बघ." बघितलं. होत नव्हता. "मग बॅटरी कशी गेली? बॅटरी मेली तर दिवा पण मरंल की. करंट जातोय कुठनं ते सगळीच बघत्यात, परत कुठनं येतोय ते बघ."

बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट. एकदम ठणठणीत. सेल्फ मारताना ११.२, तेही उत्तम. मग आबांनी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला धरली, दुसरी गिअरबॉक्सच्या अंगाला, आणि म्हणाले, मार सेल्फ. २.४ व्होल्ट! तिथं पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. म्हणजे सेल्फच्या वाट्याला नऊ व्होल्टही पोचत नव्हते.

सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. दीडशे धरले, तर त्या अर्थच्या पट्टीत रोध झाला ओहमचा जेमतेम साठावा भाग. एवढासा! पण दीडशे अँपिअरपुढं तो डोंगर होतो. आणि टेस्ट लॅम्पचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, तो पेटणारच. दोरीनं टॉवेल पेलला म्हणून त्याच दोरीला म्हैस टांगायची, अशातला प्रकार. आणि भावोजींचा जंपर? काळा चिमटा थेट इंजिनला लागला, खराब पट्टी वगळून करंट परत गेला, म्हणून गाडी उठली. म्हणजे जी खूण 'पट्टी बघा' म्हणून बोंबलत होती, तिच्यावरून आम्ही बॅटरी बदलली.

पट्टी सोडवली तर खाली हिरवी-पांढरी बुरशी, निम्म्या तारा कुजलेल्या. २०२१ च्या जुलैच्या महापुरात व्हीनस कॉर्नरमागं गाडी बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. तेव्हा सीट धुतले, ऑइल बदललं, आत उदबत्तीपण लावली. या बोल्टकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. नवी पट्टी १८० रुपये, पॉलिश पेपरचा तुकडा आबांच्या घरचा. चहा पण त्यांनीच पाजला.

ज्या गावात इंजिनचे ब्लॉक ओततात, जिथल्या फाउंड्र्यांचा माल कुठल्या कुठं जातो, त्या गावात दोन तारा दोन ठिकाणी टेकवायला कुणाला दोन मिनिटं नाहीत. ११,४०० रुपये गेले. सुटे भाग बदलायला अक्कल लागत नाही, गिऱ्हाईक लागतं.

गॅरेजवाल्याला जाऊन सांगितलं. तो म्हणतो, "आमी तेच म्हणणार हुतो."

मग बॅटरीच्या दुकानात गेले, जुनी परत द्या म्हणून. "वहिनी, ती कवाच भंगारात गेली." बरं म्हणून वळले, तर कोपऱ्यात चार बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. तिसरीवर खडूनं लिहिलं होतं, 'सेकंड, चांगली, २,२००'. आणि त्याच्या खाली मार्करनं, माझ्या स्वतःच्या फळ्यावरच्या अक्षरात, मी ती घेतली त्या दिवसाची तारीख.