उत्पादनच नव्हे, वेगही बघा

चेतापेशीच्या अक्षतंतूची (संदेश वाहून नेणाऱ्या लांब तंतूची) जाडी कशी ठरते, यावरच्या लेखातलं ‘पेशी जितकं जास्त प्रथिन बनवेल, तितका अक्षतंतू जाड’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. न्यूरोफिलामेंटचे, म्हणजे अक्षतंतूला आतून जाडी देणाऱ्या या प्रथिनाचे, धागे पेशीच्या मुख्य भागात बनतात हे मान्य. पण एखाद्या जागी ते किती साठतील, हे तिथल्या त्यांच्या वेगावरही ठरतं. टोलनाक्याशी गाड्यांची गर्दी होते ती काही गाड्या जास्त निघाल्या म्हणून नाही! हे धागे पळतात तेव्हा चांगलेच पळतात, पण बहुतेक वेळ थांबूनच असतात, म्हणून सरासरी चाल दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी पडते.

लेखात मायेलिनचा (अक्षतंतूभोवतीच्या आवरणाचा) उल्लेख फक्त ‘विद्युतरोधक’ म्हणून येतो, ते मला जास्त खटकलं. विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं दाखवताना मी नेहमी एकाच तंतूचे दोन छेद शेजारी ठेवते: मायेलिनखालचा आणि रॅनव्हिएरच्या गाठीवरचा (मायेलिनमधल्या छोट्या उघड्या फटीतला). पेशी तीच, तंतूही तोच, तरी गाठीवर तो स्पष्ट बारीक दिसतो आणि धाग्यांचे ठिपकेही कमी. गाठीतून धागे भरभर पुढे सरकतात, मायेलिनखाली रेंगाळतात. नुसत्या उत्पादनाने हा फरक कसा समजावणार? ट्रेम्बलर नावाच्या उत्परिवर्तित उंदरांत तर मायेलिनच सदोष असतं, आणि त्यांचे अक्षतंतू बारीक राहतात. उत्पादनाला अर्थातच महत्त्व आहे. न्यूरोफिलामेंट नसलेल्या जपानी लावा पक्ष्यांच्या एका उत्परिवर्तित वाणात तंतू बारीक राहतात आणि संदेशही सावकाश जातात. पण तेवढ्यावर लेख थांबवायला नको होता.