जुन्या फॉन्टमधलं मराठी, युनिकोड आणि ओपन-क्लोज्डचा वाद (जरा मोठी पोस्ट आहे)

ओपन (कुणालाही वापरता-बदलता येणारं) चांगलं की क्लोज्ड (एका कंपनीच्या ताब्यातलं), असा विषय निघाला की लोक लगेच अँड्रॉइड विरुद्ध आयफोन सुरू करतात. मराठी लोकांनी तरी हा वाद फोनवरून घालू नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे याचं कितीतरी मोठं उदाहरण आहे आणि त्याचा भुर्दंड आपण आजही भरतोय. ते म्हणजे फॉन्ट.

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करणं, आलं तेव्हा मराठीसाठी जो तो आपापली सोय करून मोकळा झाला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली, बस. कृतीदेव ०१० हा फॉन्ट घ्या, स्क्रीनवर छान 'मराठी' दिसतं पण फाइलमध्ये खरं काय साठवलेलं असतं तर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट काढला की एवढंच उरतं. आणि दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये त्याच जागांवर भलतीच अक्षरं. म्हणजे एका ठिकाणी टाइप केलेलं पुस्तक दुसरीकडे न्यायचं तर तोच फॉन्ट हवा, बऱ्याचदा तेच सॉफ्टवेअर हवं आणि त्या सॉफ्टवेअरचं कॉम्प्युटरच्या मागे लावायचं डोंगलही हवं, ते लावलं तरच सॉफ्टवेअर चालणार. डोंगल गेलं की मजकूर तुमचा, कष्ट तुमचे, पण तुम्हालाच वाचता येत नाही. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आम्ही काही जण एका वाचनालयाच्या जुन्या अंकांच्या सीड्या युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आणतोय, त्यामुळे हे सगळं रोज बघतोय. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची कारण ती डावीकडे दिसते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं, 'वर्ष' लिहिताना तिकडे आधी व, मग ष, मग वरचा रफार, आणि युनिकोडमध्ये र आधी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' मधला तो ऱ्य तर फार छळतो, प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळ्या जागी लपलेला, आणि कन्व्हर्टरने चुकवला की 'दुसर्या' होऊन बसतं. मग माणसाने बसून ओळ न् ओळ वाचायची.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. त्या काळात मराठी पुस्तकं वेळेवर आणि देखणी छापली गेली ती या क्लोज्ड सॉफ्टवेअरमुळेच. जोडाक्षरं सुबक, सुलेखनाचे फॉन्ट भरपूर, अडलं तर फोन करायला माणूस. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोज एक्सपीवर ती नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा, मग इन्स्टॉलेशनची सीडी शोधा. पानं मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड समजायचंच नाही आणि तसल्याच इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय सीएस६ मध्ये म्हणजे २०१२ ला आली. तोवर डीटीपीवाल्याने काय करायचं होतं? त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही.

म्हणून माझं म्हणणं सरसकट 'सगळं ओपन पाहिजे' असं नाहीये. मंगल फॉन्ट बघा, आपल्या सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला, विंडोजसोबत घराघरात पोचला. तो मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सखाली आहे, त्यात आपल्याला हात घालता येत नाही. पण मंगलमध्ये लिहिलेलं काहीही मुक्ता, नोटो अशा दुसऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये टाका, फोनवर पाठवा, म चा म च राहतो. कारण खालचं कोडिंग, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक हे ठरवणं, कुण्या एका कंपनीचं नाही. वरचं सॉफ्टवेअर विकत घ्या, महागडं घ्या, माझी काही हरकत नाही. कोडिंग मात्र ओपनच हवं, तिथे मी तडजोड मानत नाही.

आणि फॉन्टही ओपन असला तर काय होतं ते बघा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी मुक्ता आणि बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिलेत. कुठल्याही शाळेने, छोट्या प्रकाशकाने वापरावेत, पुस्तकात घालावेत, वेबसाइटवर टाकावेत, परवानगी मागायला नको. कुणाला ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर फॉन्ट उघडून बदलायचे, नाव वगैरेच्या अटी पाळून पुढे वाटायचे, त्यालाही मोकळीक आहे. क्लोज्डमध्ये हे कंपनीच्या मर्जीवर.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये? २०२५ उजाडून गेलं तरी जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ निघतायत. दिसायला मराठी, कॉपी केलं की कचरा, सर्चमध्ये शून्य. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर त्यावर इंग्रजी अक्षरं बडबडतो. मजकूर सगळ्यांसाठी म्हणून काढायचा आणि असा द्यायचा, हे अजिबात चालवून घेऊ नये. पुस्तक छापायला देताय, स्मरणिका काढताय, तर छापखान्यातून पीडीएफसोबत युनिकोडमधली मजकुराची फाइल मागूनच घ्या, बिल द्यायच्या आधी.

आणि एक विनंती. आमच्याकडच्या काही सीड्यांमधला फॉन्ट कशानेच उघडत नाहीये. कुणाकडे विंडोज ९८ चं चालू मशीन, जुनी मराठी सॉफ्टवेअरं किंवा डोंगल पडून असतील तर कृपया भंगारात देऊ नका, इनबॉक्समध्ये कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.